निवृत्तीची रक्कम आणि घराचे कर्ज: एकदाचे निल करावे का?

जिल्हा परिषदेच्या शाळांतील बरेच गुरुजी ३० जूनलाच निवृत्त का होतात, हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी १ जुलै ही जन्मतारीख लिहून टाकली आणि ती अठ्ठावन्न वर्षे अंगाला चिकटली. गंमत अशी, की निवृत्तीची तारीख नेमकी पेरणीच्या धांदलीत येते. पुढे उपदान (ग्रॅच्युइटी) आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम हळूहळू खात्यात पडू लागली, की ओसरीवर एकच विषय निघतो. वर्ध्याच्या किंवा पुलगावच्या लेआउटमध्ये बांधलेल्या घरावर अजून दहा-बारा वर्षांचे कर्ज आहे. ते एकदाचे निल करून टाकावे का?

हा प्रश्न सध्या अधिक विचारला जातो, त्याला दोन कारणे आहेत. रिझर्व्ह बँकेने २०२५ या एका वर्षात रेपो दर ६.५० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांवर आणला. रेपो दर म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर. तो उतरला, की त्याला जोडलेल्या गृहकर्जाचे व्याजही उतरते. दुसरे कारण असे, की मुदतीपूर्वी कर्ज फेडणाऱ्याकडून आकारणी करण्याबाबतचे रिझर्व्ह बँकेचे नवे निर्देश १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकृत होणाऱ्या कर्जांना लागू झाले. त्यामुळे "आता फेडणे सोपे झाले" अशी चर्चा सुरू झाली. फेडणे सोपे झाले हे खरे. मात्र सगळे फेडणे प्रत्येकाच्या हिताचे आहे असे त्यातून सिद्ध होत नाही.

शेकड्याच्या हिशेबात गृहकर्ज

आपल्याकडे व्याज वर्षाच्या टक्क्यांत बोलले जात नाही, ते शेकड्यात बोलले जाते. सावकाराचे "शेकडा तीन" म्हणजे शंभर रुपयांवर महिन्याला तीन रुपये, म्हणजेच वर्षाला ३६ टक्के. आणि "शेकडा पाच" म्हणजे वर्षाला ६० टक्के. याच मापाने मोजले, तर साडेआठ टक्क्यांचे गृहकर्ज शेकडा सुमारे एकाहत्तर पैसे पडते. वेळेवर भरलेले पीककर्ज सोडले, तर सामान्य माणसाला याहून स्वस्त कर्ज सहसा मिळत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की हातात रक्कम आली तर आधी महाग कर्ज उतरवावे. सावकाराचे, क्रेडिट कार्डाचे, वैयक्तिक कर्जाचे, सोने तारण ठेवून घेतलेले, पतसंस्थेचे, या सगळ्यांचा क्रम गृहकर्जाच्या आधी लागतो. घराचे कर्ज मोठे दिसते, म्हणून ते जास्त टोचते. पण महिन्याचे व्याज पाहिले, तर लहान दिसणारे हातकर्जच अनेकदा घर पोखरत असते.

हप्ता भरूनही मुद्दल का हलत नाही

एक कल्पित उदाहरण घेऊ. देवळीजवळच्या शाळेतील एका गुरुजींनी वयाच्या पन्नासाव्या वर्षी १५ लाख रुपयांचे कर्ज साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले. हप्ता सुमारे १३,०१७ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याजच १०,६२५ रुपये होते, म्हणून त्या हप्त्यातून मुद्दल, म्हणजे मूळ उचललेली रक्कम, केवळ २,३९२ रुपयांनी कमी झाली. दर स्थिर राहिला असे धरले, तर निवृत्तीपर्यंतच्या आठ वर्षांत त्यांनी सुमारे साडेबारा लाख रुपये भरले. तरी १५ लाखांपैकी ११ लाख ७३ हजार रुपये अजून बाकीच आहेत. बँकेने फसवले असे अनेकांना इथेच वाटते. बँकेने फसवलेले नसते, हिशेबच तसा असतो.

विहीर खोदताना इंजिन लावून पाणी उपसावे लागते, ते आठवावे. इंजिन जेवढे पाणी बाहेर टाकते, त्यातले बरेचसे झरा परत भरून काढतो; पातळी खाली जाते ती फक्त फरकाएवढी. कर्जाच्या विहिरीत व्याज हा झरा आहे, आणि त्याचा स्वभाव असा, की पाणी जास्त असेल तर तो जोरात वाहतो, पाणी कमी झाले की मंदावतो. म्हणून सुरुवातीची वर्षे उपसा वाया गेल्यासारखा वाटतो आणि शेवटच्या वर्षांत पातळी झपाट्याने उतरते. मध्येच एकदम मोठी रक्कम भरणे म्हणजे एक दिवस दुसरे इंजिन लावणे होय. त्या दिवशी पातळी जेवढी खाली जाते, तेवढ्याचा झरा पुढे कायमचा आटतो.

या गुरुजींचे पुढचे १४४ हप्ते बाकी आहेत आणि त्यांत व्याजाचा वाटा सुमारे ७ लाख रुपयांचा आहे. ११ लाख ७३ हजार एकरकमी भरले, तर हे ७ लाख वाचतात. इथपर्यंत हिशेब फेडण्याच्या बाजूनेच बोलतो.

मग अडचण काय?

घराच्या कर्जात घातलेला पैसा परत निघत नाही, ही अडचण आहे. आज बँकेत जमा असलेली रक्कम उद्या कर्जात भरता येते; आज कर्जात भरलेली रक्कम उद्या दवाखान्यासाठी मागितली, तर बँक ती देत नाही. साठाव्या वर्षानंतर नव्याने कर्ज मागायला गेले, तर वय, उत्पन्न, जामीनदार या सगळ्यांवर प्रश्न उभे राहतात. मग माणूस पुन्हा शेकडा तीनच्या दारात जातो, आणि शेकडा एकाहत्तर पैशांचे कर्ज फेडल्याचा आनंद तिथे संपतो.

आजारपणाचा खर्च सरकारी योजनांमुळे पूर्वीपेक्षा हलका झाला आहे, हे मान्य केले पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे आणि सत्तर आणि त्यावरील वयाच्या ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे वेगळे ५ लाखांचे संरक्षण मिळते. तरी यादीत न बसणारा उपचार, बाहेरून आणायची औषधे, गाडीभाडे आणि सेवाग्राम किंवा सावंगीला महिनाभर रुग्णाजवळ थांबणाऱ्या माणसाचा खर्च खिशातूनच जातो.

हाताशी पैसा ठेवण्याची किंमत मोजता येते, आणि ती मोजलीच पाहिजे. पाच लाख रुपये कर्जात न भरता ठेवले, तर साडेआठ टक्क्यांनी वर्षाला ४२,५०० रुपये व्याज आपण बँकेला देत राहतो. तीच रक्कम बचत खात्यात पडून राहिली, तर अडीच टक्क्यांनी १२,५०० रुपये मिळतात. म्हणजे वर्षाला तीस हजारांचे नुकसान. साडेसहा टक्क्यांच्या मुदत ठेवीत नुकसान दहा हजारांवर येते. टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला. त्या दराने पाच लाखांवर ४१,००० रुपये मिळतात, म्हणजे फरक वर्षाला अवघा दीड हजारांचा राहतो. गरजेच्या वेळी पाच लाख हाताशी असण्यासाठी दीड हजार रुपये मोजावे लागत असतील, तर ती किंमत मला तरी जास्त वाटत नाही. रेपो उतरल्यामुळे ज्यांचे गृहकर्ज आठ टक्क्यांच्याही खाली आले आहे, त्यांचा तर हिशेब उलटतो. ठेवीवरचे व्याज कर्जाच्या व्याजापेक्षा जास्त होते.

या योजनेत कमाल ३० लाख रुपये ठेवता येतात, मुदत पाच वर्षांची असते आणि व्याज दर तिमाहीला मिळते. वयाची अट साठची असली, तरी पंचावन्न ते साठ या वयात निवृत्त झालेल्यांना निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खाते उघडता येते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या गुरुजींनी ही तीन महिन्यांची मुदत कॅलेंडरवर लिहूनच ठेवावी. मुदतीआधी पैसे काढले, तर पहिल्या वर्षात व्याज मिळत नाही, दुसऱ्या वर्षात मुद्दलाच्या दीड टक्का आणि पुढे एक टक्का कपात होते.

एक उलट बाजूही आहे, आणि ती कोणत्याही हिशेबाच्या पुस्तकात सापडणार नाही. गुरुजींना पैसा मिळाला, ही बातमी गावभर पसरते. मग हातउसने मागणारे नातेवाईक येतात, दोन वर्षांत दामदुप्पट सांगणारे एजंट येतात, आणि ज्याला "नाही" म्हणता येत नाही अशा माणसाची रक्कम वर्षभरात विरघळते. असा स्वभाव असेल, तर कर्ज फेडणे हेच पैसा राखण्याचे उत्तम साधन ठरते. भिंतीत गेलेला पैसा निदान कोणी उसना मागत नाही.

हप्ता कमी करावा की मुदत?

अर्धवट रक्कम भरताना बँक हा प्रश्न विचारते, किंवा न विचारता स्वतःच मुदत कमी करून टाकते. आपल्या उदाहरणातील गुरुजींनी पाच लाख भरले, तर बाकी ६ लाख ७३ हजार राहते. हप्ता तोच ठेवला, तर कर्ज १४४ ऐवजी ६५ हप्त्यांत संपते आणि सुमारे ५ लाख ३४ हजारांचे व्याज वाचते. मुदत तीच ठेवली, तर हप्ता १३,०१७ वरून ७,४६७ रुपयांवर येतो आणि व्याजाची बचत सुमारे ३ लाखांची होते.

हे आकडे पाहून बहुतेक सल्लागार मुदत कमी करा असे सांगतात, आणि चाळिशीतल्या पगारदाराला तो सल्ला योग्यही आहे. निवृत्त माणसाबाबत माझे मत वेगळे आहे. त्याने हप्ता कमी करून घ्यावा आणि जमेल त्या महिन्यात वरचे पैसे स्वतःहून भरावेत. दर महिन्याला वाचलेले ५,५५० रुपये त्याने कर्जातच भरले, तर कर्ज त्याच ६५ महिन्यांत संपते. व्याजाची बचतही तेवढीच होते. फरक इतकाच, की ज्या महिन्यात घरात आजारपण निघाले किंवा बोअरची मोटर जळाली, त्या महिन्यात तो फक्त ७,४६७ रुपये भरून मोकळा होतो. सक्तीचा हप्ता लहान आणि खुशीचा भरणा मोठा, अशी ही रचना आहे.

यामागे आणखी एक कारण आहे, जे घरात बोलायला अवघड जाते. पेन्शन साधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी असते. गुरुजींच्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीची काही वर्षे गेल्यावर ३० टक्क्यांवर येते. तेरा हजारांचा हप्ता पहिल्या रकमेत बसतो, दुसऱ्या रकमेत तो बसेलच असे नाही.

पेन्शन विकून कर्ज फेडणे

निवृत्तीच्या वेळी पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. याला अंशराशीकरण म्हणतात. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. आता बारा वर्षांचे कर्ज फेडण्यासाठी हा मार्ग धरला, तर काय होते ते पाहावे. बँकेचा हप्ता थांबतो, पण पेन्शन मात्र पंधरा वर्षे कमी येते. एक हप्ता जाऊन दुसरा आला, आणि तो तीन वर्षे अधिक लांब आहे. त्यात एक गुण आहे, तोही सांगितला पाहिजे: या कपातीचा भार कुटुंब निवृत्तिवेतनावर पडत नाही, म्हणजे हे "कर्ज" माणसाबरोबरच संपते. अंशराशीकरण करावे की नाही, हा स्वतंत्र विचार आहे. परंतु "कर्ज फिटले" असे समजून ते करू नये.

"पण करात सूट मिळते ना?"

गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट मिळते, ती राहत्या घरासाठी फक्त जुन्या करपद्धतीत. नवी पद्धत निवडणाऱ्याला ती मिळत नाही, आणि नव्या पद्धतीत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करच लागत नाही. बहुतेक निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, लिपिक याच मर्यादेत येतात. केवळ करसवलतीसाठी कर्ज ठेवण्याचे कारण त्यांच्याबाबत उरलेले नाही.

"बँक दंड लावेल"

बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर असा आकार लावण्यास रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच मनाई केली आहे. नव्या निर्देशांनी ती मनाई व्यापक केली. पैसा कोठून आणला हेही विचारात घेतले जात नाही. स्थिर दराच्या कर्जाला मात्र करारातील अट पाहावी लागते. पतसंस्था या रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, तर सहकार खात्याच्या देखरेखीखाली असतात, म्हणून तिथे पोटनियम आणि करारनामा वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत.

फेडण्याआधी आणखी एक चौकशी करावी. २०१९ च्या ऑक्टोबरपूर्वीचे कर्ज असेल, तर ते रेपोला जोडलेले नसण्याची शक्यता आहे, आणि मग व्याज उतरल्याच्या बातम्या फक्त वर्तमानपत्रातच राहतात. शाखेत अर्ज देऊन, थोडे शुल्क भरून, नव्या दरावर येता येते. एका टक्क्याचा फरक पडला, तरी ११ लाख ७३ हजारांवर पहिल्या वर्षाला सुमारे साडेअकरा हजार रुपये वाचतात, तेही खिशातून मोठी रक्कम न काढता.

"डोक्यावर कर्ज घेऊन मरू नये"

हा आक्षेप हिशेबाचा नाही, म्हणून तो आकड्यांनी खोडताही येत नाही. आपल्या भागाने कर्जापायी गेलेली माणसे पाहिली आहेत. इथे कर्ज या शब्दाची भीती वाटणे हा अडाणीपणा नव्हे. तरी कायदा काय सांगतो ते माहीत असावे. कर्जदाराच्या मृत्यूनंतर वारसांची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत असते. मुलगा सहकर्जदार म्हणून सही करून बसला असेल, तर मात्र तो पूर्ण रकमेला बांधील असतो. कर्ज घेताना गृहकर्ज विमा काढला असेल, तर विम्याची रक्कम कर्जाकडे वळती होते. अनेकांना अशी पॉलिसी आपल्या नावावर आहे हेच माहीत नसते, कारण तिचा हप्ता कर्जाच्या रकमेतच मिळवलेला होता. कागद काढून बघावा. एवढे कळल्यावरही झोप लागत नसेल, तर त्या माणसाने कर्ज फेडून टाकावे. दीड हजारांच्या फरकापेक्षा झोप मोठी आहे. फक्त वर्षभराचा घरखर्च आणि आजारपणाची रक्कम बाजूला काढूनच फेडावे.

शेती असेल तर

वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडे नोकरदाराच्या घरातही चार-पाच एकर शेती असते, आणि इथे एक चूक सर्रास होते. कापसाचा चुकारा हातात आला, की तो गृहकर्जात भरला जातो आणि पीककर्ज थकते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत परत केले, तर केंद्राच्या सवलतीने व्याज चार टक्क्यांवर येते, आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ते शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली, की ही सवलत जाते. साडेआठ टक्के वाचवण्यासाठी बिनव्याजी कर्ज थकवणे हा उलटा व्यवहार आहे. आधी पीककर्ज, मग पुढच्या हंगामाचे बियाणे-खत, आणि त्यानंतर काही उरले तर घराच्या कर्जात वरचा भरणा, हा क्रम सोडू नये. समृद्धी महामार्गासाठी जमीन गेलेल्या कुटुंबांप्रमाणे भूसंपादनाचा मोबदला एकदम आला असेल, तर आणखी सावध राहावे, कारण तिथे उत्पन्न देणारी जमीन गेलेली असते आणि मोबदल्याची रक्कमच पुढची पेन्शन असते.

गुरुजींच्या वीस लाखांचे काय करता येईल?

आपल्या गुरुजींना सगळे मिळून वीस लाख आले असे धरू. पूर्ण कर्ज फेडले, तर हातात सव्वाआठ लाख उरतात आणि हप्ता शून्य. मुलीचे लग्न झालेले, प्रकृती ठीक, पेन्शन भरपूर असेल, तर यात वावगे काही नाही. लग्न व्हायचे असेल, तर मी दुसरी वाटणी सुचवीन. पाच लाख कर्जात भरून हप्ता ७,४६७ वर आणावा. दहा लाख ज्येष्ठ नागरिक योजनेत ठेवावेत. त्यांचे तिमाही व्याज २०,५०० रुपये येते आणि तीन हप्ते होतात २२,४०१ रुपयांचे, म्हणजे ठेवीचे व्याजच जवळजवळ सगळा हप्ता भरते. उरलेले पाच लाख लग्नासाठी आणि दवाखान्यासाठी मुदत ठेवीत. लग्न आटोपल्यावर जे शिल्लक राहील, ते पुन्हा कर्जात भरता येईलच.

निल झाल्यावरची कामे

शेवटचा भरणा करून पावती घेतली, म्हणजे काम संपले असे समजणारे पुष्कळ आहेत. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे आणि मालमत्तेवरील नोंदवलेला बोजा काढणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. कागद घेताना कर्ज मंजुरीच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून पाहावे, आणि खरेदीखत मूळ आहे की छायाप्रत, हे तिथेच उजेडात धरून बघावे.

ना-देय दाखला स्वतंत्र मागून घ्यावा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर बँकेचे नाव चढलेले असेल, तर तो दाखला जोडून तलाठ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. फेरफार मंजूर होऊन बोजा उतरलेला नवा उतारा हातात आला, की तो खरेदीखताबरोबर एकाच पिशवीत ठेवावा आणि ती पिशवी कोणत्या पेटीत आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवावे.